अकराव्या वर्षीची उत्तरपत्रिका

1 जून 1932 रोजी स्कॉटलंडमधल्या शाळांत 1921 साली जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने एकच बुद्धिमापन चाचणी सोडवली. मुले किती? 87,498. वेळ 45 मिनिटे. सूचना वाचून दाखवल्या त्या मुलांच्या रोजच्या शिक्षकांनीच, आणि उत्तरे तपासलीही त्यांनीच.

चाचणी एडिंबरोच्या मोरे हाऊसमधल्या गॉडफ्रे टॉमसन यांची. टॉमसन या कामाकडे वळले ते इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात. तिथल्या कित्येक खेड्यांतल्या शाळांमधून माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी एकही मूल बसत नसे. अशा ठिकाणची हुशार मुले हुडकून काढायची, हा त्यांचा हेतू. पुढे ब्रिटनमध्ये अशाच चाचण्या अकरा वर्षांच्या मुलांची वर्गवारी करण्यासाठी वापरल्या गेल्या, हा इतिहासातला कडवट भाग आहे.

1947 मध्ये 1936 साली जन्मलेल्या मुलांची पुन्हा चाचणी झाली. देशाची बुद्धी घसरत चालली आहे, अशी भीती त्यामागे होती. प्रत्यक्षात सरासरी किंचित वाढलेलीच निघाली! मग नोंदवह्या तळघरात गेल्या आणि विसरल्या गेल्या.

1990 च्या दशकात लॉरेन्स व्हॅली आणि इयन डिअरी या संशोधकांना त्या सापडल्या. वार्धक्यातल्या बुद्धीचा अभ्यास करताना नेहमीची अडचण अशी की, समोरच्या वृद्धाची बुद्धी मुळात किती होती हे कुणालाच ठाऊक नसते. इथे तर ते लिहूनच ठेवलेले होते. बरोबर 66 वर्षांनी, 1 जून 1998 ला, ॲबरडीनच्या म्युझिक हॉलमध्ये तीच मुले, आता सत्याहत्तरीची, पुन्हा तोच पेपर सोडवायला बसली. नंतर आलेले धरून एकूण 101 जण. सूचना त्याच, वेळही तीच 45 मिनिटे.

दोन्ही वेळच्या गुणांमधला सहसंबंध 0.63 निघाला. म्हणजे काय? दोन्ही वेळी क्रम अगदी तोच असता तर तो 1 च्या जवळ गेला असता. काहीच संबंध नसता तर शून्य. 0.63 चा वर्ग होतो सुमारे 0.4. म्हणजे म्हातारपणी माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला दोन पंचमांश अकराव्या वर्षीच्या गुणांशी जोडता येतो. आम्हा संशोधकांना हा आकडा मोठा वाटतो, कारण मध्ये एक महायुद्ध आणि अख्खे आयुष्य गेले आहे. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाने मात्र उरलेल्या तीन पंचमांशाकडे पाहावे. शिवाय सरासरी गुण सत्याहत्तराव्या वर्षी अकराव्यापेक्षा जास्तच होते.

एक सावधगिरी हवी. 1998 मध्ये आले ते जगलेले आणि चालत येऊ शकणारे. ॲबरडीनच्याच नोंदींत पुढे असे आढळले की, लहानपणी कमी गुण मिळालेल्यांपैकी कमी लोक 76 वर्षांपर्यंत पोचले. पुरुषांत हे चित्र थोडे धूसर होते, कारण युद्धात मेलेल्या सैनिकांचे बालपणीचे गुण सरासरीपेक्षा जास्त होते.