नकाशावर नसलेली खाण

तळोद्याच्या माणसाला दगड ओळखीचा आहे, खाण नाही. मागे सातपुडा, पुढे तापीचा गाळ. पायथ्याशी विहीर खणायला घ्यावी तर काळा पाषाण लागतो आणि तापीकडे सरकावे तसा माती-वाळूचा थर खोल होत जातो. इथे कोळसा कोणी शोधत नाही. माझ्या पिढीतल्या अनेकांनी कोळशाची खाण पहिल्यांदा पाहिली ती 1979 च्या ‘काला पत्थर’मध्ये. मी पुढे नागपूरला मायनिंग इंजिनिअरिंगला गेलो आणि वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत खाणींत नोकरी केली. त्यातला बराच काळ सेफ्टी ऑफिसर म्हणून गेला. निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हापासून एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : खाणीत माणसे मरतात ती कशाने?

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वायूचा स्फोट असतो. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो, हे खरे आहे. म्हणून कुठेही तो सव्वा टक्क्याच्या वर गेला की माणसे बाहेर काढायची, हा नियम. रोजच्या अपघातांत मात्र भूमिगत खाणीत सर्वांत जास्त बळी छत घेते. म्हणून पाळी सुरू होताना सरदार, म्हणजे आपल्या भागातल्या कामावर देखरेख ठेवणारा माणूस, सब्बलीने छत ठोकून पाहतो. खणखणीत वाजले तर पुढे जायचे, भद्द वाजले तर आधी टेकू द्यायचा. ही दोन्ही संकटे डोळ्यांना, कानांना किंवा दिव्याला कळतात. तिसरे संकट यांपैकी कशालाच कळत नाही. ते फक्त कागदावर दिसते, आणि कागद चुकीचा असेल तर तिथेही दिसत नाही. ते संकट म्हणजे शेजारची जुनी, बंद पडलेली, पाण्याने भरलेली खाण.

विदर्भात अशा खाणी का आहेत हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. वरोरा आज आनंदवनामुळे ओळखले जाते. पण तिथे 1871 पासून सरकारच्या मालकीची कोळसा खाण चालत होती. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला गेला. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळशावर सविस्तर वृत्तांत लिहिला, तो 1877 मध्ये छापला गेला. वरोऱ्याची खाण 1906 च्या सुमारास बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकले. पुढे चंद्रपूर, घुग्घुस, राजूर आणि नागपूरजवळच्या कन्हान खोऱ्यातही खाणी निघाल्या. यांतल्या अनेक खासगी मालकांच्या होत्या. 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा सरकारच्या हाती चालू खाणी आल्या आणि त्यांच्याबरोबर त्या मालकांनी मागे सोडलेल्या पोकळ्याही आल्या.

पोकळी कशी राहते हे तळोद्यात समजावताना मी गावाचाच दाखला देतो. भूमिगत खाण म्हणजे जमिनीखालचे एक गाव. गल्ल्या म्हणजे कोळसा काढून झालेले बोगदे आणि घरांच्या जागी छत तोलायला ठेवलेले कोळशाचे खांब. काही खाणींत शेवटी खांबही काढून घेतात आणि छत कोसळू देतात. त्या भागाला आम्ही गोफ म्हणतो. जिथे खांब तसेच सोडले तिथे गल्ल्या राहतात. पंप बंद झाला की झिरपणारे पाणी त्या गल्ल्या भरत जाते. वर्धा आणि कन्हान खोऱ्यांत कोळशाच्या वर कामठीचा वालुकाश्म आहे. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे इथे जुनी खाण भरायला पुराची गरज नसते. काही वर्षांनी वरून पाहणाऱ्याला कापसाचे शेत दिसते आणि खाली अख्खा तलाव साठलेला असतो.

खाणीच्या सुरक्षिततेचा कायदा आपल्याकडे मृत्यूंनंतर आला. 1897 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत 52 आणि बलुचिस्तानातील खोस्तच्या कोळसा खाणीत 47 माणसे मेली. त्यानंतर 1901 चा खाण कायदा झाला आणि 7 जानेवारी 1902 रोजी कलकत्त्यात खाण तपासणीचे कार्यालय सुरू झाले. तेच कार्यालय आज धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालय (डीजीएमएस) म्हणून ओळखले जाते. खाण सोडून देताना तिचा नकाशा निरीक्षकाकडे जमा करण्याचे बंधन कायद्यात आले. खाणकायद्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे बंधन, कारण ते पुढच्या पिढीतल्या अनोळखी मजुराचा विचार करते.

तरीही माणसे बुडाली. 10 डिसेंबर 1954 रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून 63 जण मेले. परासिया छिंदवाड्याकडे असले तरी तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. त्या काळात बंगाल-बिहारच्या कोळसापट्ट्यातही पाणी शिरल्याचे अपघात एकापाठोपाठ एक झाले. 1957 मध्ये नवे कोल माईन्स रेग्युलेशन्स आले. त्यातले 127 वे कलम आम्हाला पाठ असे. पाणी असू शकेल अशा जुन्या खाणकामापासून 60 मीटरच्या आत जायचे असेल तर आधी परवानगी घ्यायची. मिळाली तरी सरळ कोळसा तोडत जायचे नाही. तोंडाच्या मध्यभागी एक भोक पुढे मारायचे, बाजूंनाही मारायची, आणि ही भोके कामाच्या किमान 3 मीटर पुढे राहिली पाहिजेत. पाणी भेटायचेच असेल तर ते बोटभर भोकातून भेटावे, भिंत फोडून नव्हे, हा या कलमाचा अर्थ.

पण हे 60 मीटर मोजायचे कुठून? नकाशावरून. आणि जुना नकाशा म्हणजे काय चीज असते ते हातात धरल्याशिवाय कळत नाही. आमच्या कार्यालयात ट्रेसिंग क्लॉथवरचे नकाशे नळीत गुंडाळून ठेवलेले असत. कापडाला दमट हवा लागली की ते आकसते. नकाशा आकसला की त्यावरची भिंत सरकते. म्हणूनच नियमाने प्रत्येक नकाशावर किमान 25 सेंटिमीटर लांबीची मापपट्टी आखावी लागते. कापडाबरोबर तीही आकसते, त्यामुळे तिच्यावर मोजले तर माप खरे येते. साध्या फुटपट्टीने मोजले तर चुकते.

दुसरी गोष्ट उत्तरेची. पूर्वी खाणीतली मोजणी चुंबकसुईच्या डायलने होई. चुंबकीय उत्तर स्थिर नसते, वर्षागणिक हलते. म्हणून उत्तरबाणाशेजारी मोजणीची तारीख हवी, असा नियम. मी पाहिलेल्या काही जुन्या नकाशांवर बाण सुबक होता, रंगीत होता, पण तारीख नव्हती. त्यात सर्व्हेअरने सुई ट्रॉलीच्या लोखंडी रुळाजवळ धरली असेल तर ती आणखी ढळते. एक अंशाचा फरक म्हणजे 500 मीटर लांबीच्या गल्लीच्या टोकाशी जवळपास 9 मीटर. आणि खासगी मालकीच्या काळात हद्दीपलीकडचा कोळसा काढला गेला असेल, तर तो नकाशावर कोण काढणार? अशी गल्ली नकाशावर जन्मालाच येत नाही.

1975 च्या नोव्हेंबरमध्ये हे पाण्याचे संकट महाराष्ट्रात आले. 18 तारखेला नागपूर जिल्ह्यातील खापरखेड्याजवळच्या सिल्लेवाडा खाणीत पाणी शिरले आणि 10 कामगार गेले. त्यानंतर 39 दिवसांनी, 27 डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामातले साठलेले पाणी फुटून 375 माणसे बुडाली. चासनाला साऱ्या देशाला ठाऊक झाली. तिच्यावरूनच ‘काला पत्थर’ निघाला आणि तो तळोद्यापर्यंत पोहोचला. सिल्लेवाड्याची आठवण तिथल्या वस्तीपुरती उरली. माझे म्हणणे आहे की महाराष्ट्रातल्या शाळेतल्या मुलाला चासनालाबरोबर सिल्लेवाडाही माहीत असली पाहिजे. आपल्या घरातले दहा मृत्यू हे दूरच्या आकड्याची तळटीप नव्हेत.

एक प्रसंग मी नव्या सर्व्हेअर मुलांना नेहमी सांगत आलो. खाणीचे नाव महत्त्वाचे नाही. आमची एक गल्ली जुन्या बंद खाणीच्या दिशेने चालली होती. नकाशाप्रमाणे मध्ये भरपूर कोळसा होता, अगदी 60 मीटरची हद्दसुद्धा लांब होती. रात्रपाळीचा सरदार पाळी संपवून वर आला आणि म्हणाला, “साहेब, भिंत घाम सोडून राह्यली.” खाली जाऊन दिव्याच्या उजेडात पाहिले. कोळशाच्या तोंडावर तांबूस ओल होती आणि बोट लावून नाकाशी नेले तर कुजक्या अंड्यासारखा वास. ताजे झिरपे स्वच्छ असतात. हा वास खूप वर्षे कोंडलेल्या पाण्याचा. काम थांबवले, त्या भागातली माणसे काढली, मॅनेजरसाहेबांना कळवले. मग भोके मारायला घेतली. तोंडाशी लोखंडी पाइप सिमेंटने पक्का बसवलेला, त्यावर व्हॉल्व्ह, आणि त्यातून रॉडला रॉड जोडत ड्रिल पुढे. एका क्षणी रॉड हातात हलका झाला, पुढे कोळसा उरला नव्हता. रॉड मागे घेताच पाणी जोराने आले आणि व्हॉल्व्ह बंद केला. नंतर ते पाणी महिनोन्महिने मोजून सोडले, पंपाने वर काढले. ती गल्ली कोणत्याही नकाशावर नव्हती. भिंतीला हात लावून पाहणाऱ्या एका सरदाराने आम्हाला वाचवले. त्या दिवसापासून सरदाराच्या डायरीतली प्रत्येक ओळ मी नकाशाइतकीच अधिकृत मानली.

खरा नकाशा काय करू शकतो याचे उत्तम उदाहरण राणीगंजच्या महावीर खाणीचे आहे. 13 नोव्हेंबर 1989 च्या रात्री तिथे शेजारच्या जुन्या कामातले पाणी शिरले. सहा जण बुडाले, 65 जण खालच्या एका उंच भागात अडकले. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी जमिनीवरून मोठे भोक पाडून लोखंडी कॅप्सूल खाली सोडण्याची कल्पना मांडली आणि स्वतः त्यात बसून खाली उतरले. एकेक करून 65 च्या 65 जण वर आले. गिल यांचे धैर्य लोकांना माहीत आहे. पण वरच्या मैदानावरच्या कुठल्या बिंदूखाली ती माणसे उभी आहेत, हे नकाशाने सांगितल्याशिवाय ड्रिल कुठे लावणार होते? त्या खाणीच्या सर्व्हेअरांनी वर्षानुवर्षे ओढलेल्या रेषांचाही त्या सुटकेत वाटा आहे. अकराच वर्षांनी, 2 फेब्रुवारी 2001 रोजी, धनबादजवळच्या बागडिगी खाणीत शेजारच्या बंद जयरामपूर खाणीतले पाणी फुटले आणि 29 जण मेले. तेच संकट, तोच शेजार.

कोणी म्हणेल, आता भूमिगत खाणी कमी होत चालल्या, उघड्या खाणींचा जमाना आहे, मग ही चिंता कशाला? ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरची माणसे वेळेवर बाहेर आली म्हणून जीव वाचले. त्या वस्तीखाली जुन्या काळी कोळसा काढलेला होता. घरातले कोणी खाणीत कामाला असो वा नसो, खाणीने त्यांचे घर नेले. चंद्रपूर जिल्ह्यात आज काही ठिकाणी जुन्या भूमिगत खाणींच्याच जागी उघड्या खाणी चालतात. तिथे शॉव्हेल आणि डंपर ज्या बाकावर उभे असतात, त्याच्याखाली जुनी गल्ली असू शकते. तिच्यात शिरलेली हवा उरलेल्या खांबांना आग लावू शकते, कारण आपल्या कोळशाला आपोआप तापण्याची खोड आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विदर्भातल्या प्रत्येक बंद खाणीचा जो काही नकाशा सापडेल तो आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवावा, चुका कुठे आहेत ते त्यावर लिहावे, आणि तो ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, तहसील कचेरीत भिंतीवर लावावा. घर बांधणाऱ्याला, विहीर खणणाऱ्याला, बोअर मारणाऱ्याला तो फुकट पाहता यावा. ज्या भागाचा नकाशा नाही तो भाग कोरा सोडू नये, तिथे लाल अक्षरांत ‘माहिती नाही’ असे लिहावे. मोकळा कागद सुरक्षिततेचा भास निर्माण करतो, आणि त्या भासाने माणसे मेली आहेत.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली मुले आता मायनिंगच्या डिप्लोमाला, पदवीला जाऊ लागली आहेत. घरी भेटायला आली की त्यांना मी सांगतो : वायू मोजायचे यंत्र वापरायला शिका, छताचे टेकू शिका, पण सर्व्हेचा तास चुकवू नका. तुम्ही आज जी गल्ली खणाल ती तुमच्या नोकरीनंतर शंभर वर्षे जमिनीखाली राहणार आहे. तिची रेषा खरी काढा, तारीख घाला, खाली सही करा. त्या सहीवर विश्वास ठेवून पुढे कोणीतरी आपल्या पोराला पाळीवर धाडणार आहे.