हशाच्या आड

एखादा शब्द फक्त एका खुनामुळे जिवंत राहू शकतो का? 'सॉकडॉलोजायझिंग' राहिलाय.

१४ एप्रिल १८६५ची रात्र. वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये 'अवर अमेरिकन कझिन' हे विनोदी नाटक रंगलं होतं. रंगमंचावर हॅरी हॉक हा एकटाच नट होता. त्यानं हा शब्द असलेलं वाक्य टाकलं, हशा उसळला आणि जॉन विल्क्स बूथनं अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली. बूथ स्वतः नट होता. त्याला हे नाटक ठाऊक होतं. गोळीचा आवाज त्या हशात दडेल, असा त्याचा हिशेब होता, असं मानतात.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी मला टायमिंगच दिसलं. मग मात्र मी शब्दापाशी अडकलो. प्रेक्षक नेमके कशाला हसले?

नाटक टॉम टेलर या इंग्रज लेखकाचं. पहिला प्रयोग १८५८ साली न्यूयॉर्कला झाला. अमेरिकन बोलीत 'सॉकडॉलेजर' म्हणजे निकाली ठोसा. त्याला शेपूट जोडून बहुधा टेलरनंच हा नवा शब्द घडवला. अर्थ धड कुणालाच सांगता येणार नाही, पण शिवी हासडल्याचा आनंद पुरेपूर!

त्या काळच्या इंग्रजी नाटकांत रांगडी बोली बऱ्याचदा नोकरचाकरांच्या आणि गावंढळांच्या तोंडी असायची. लोक त्यांना हसायचे. इथे गंमत उलटी आहे. एसा ट्रेंचर्ड हा आडदांड अमेरिकन इंग्लंडमधल्या नातेवाइकांकडे येतो. तो श्रीमंत वारस आहे असं समजून एक खानदानी बाई आपली मुलगी त्याच्या गळ्यात बांधायला बघते. त्याच्याकडे पैसा नाही हे कळताच ती त्याचे रीतीरिवाज काढते आणि तोऱ्यात निघून जाते. तिच्या पाठीमागे तो हा शब्द फेकतो. म्हणजे हसू त्याच्यावर नव्हतं, त्याच्या बाजूनं होतं.

बॉक्समध्ये बसलेले लिंकन केंटकीतल्या लाकडी खोपटात जन्मले होते. त्यांच्या गावरान बोलण्याची, गोष्टी सांगण्याच्या सवयीची विरोधक टिंगल करायचे. त्या रात्री रंगमंचावर त्यांच्यासारखंच बोलणारा माणूस जिंकत होता आणि सगळं थिएटर त्याच्यासोबत हसत होतं.

बूथनं नेमका तोच क्षण निवडला.