तळटीप : ‘कोन्सुआद’
७. कोन्सुआद : नाताळात गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी, हिंदू घरांतही, जाणारे गोडाधोडाचे ताट. शब्द पोर्तुगीज, पोर्तुगालात मात्र त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण. ताटात दोदोल, बेबिंक, कुलकुल आणि नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच. वर स्वच्छ रुमाल. दुखवट्याच्या घरी गोड करत नाहीत. लेखकाने या प्रथेचे मूळ ‘तीन राजां’नी बाळ येशूला आणलेल्या भेटींत शोधले आहे. ओढाताण वाटते, पण असो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय २) ते राजे नव्हेत, पूर्वेकडचे मागी आहेत, आणि त्यांची संख्याही दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा वस्तू तीन, म्हणून माणसेही तीन धरली गेली. ६ जानेवारीला रेइश मागुश, चांदोर इथे राजे होऊन निघणारी मुलेही तीनच असतात.