विजेचे भय आणि वृत्तपत्रे

सभामंडपात आज जो विजेचा दिवा लागतो, त्याच्या प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा पालटणाऱ्या प्रवाहास एके काळी न्यूयॉर्कमध्ये जनतेचा वैरी ठरविण्यात आले होते. जून १८८८ मध्ये तेथील 'ईव्हिनिंग पोस्ट' पत्राने हॅरोल्ड ब्राऊन नामक विद्युत्तंत्रज्ञाचे पत्र छापले. हा प्रवाह प्राणघातक असून ३०० व्होल्टांवर त्यास बंदी असावी, ही त्याची मागणी. पुढे त्याने वार्ताहरांदेखत कुत्र्यांना विजेचे धक्के देऊन ठार केले. ती वर्णने घरोघरी वाचली गेली.

ऑगस्ट १८८९ मध्ये 'सन' पत्राने ब्राऊनच्या कचेरीतून चोरीस गेलेली पत्रे प्रसिद्ध केली, आणि त्याचा बोलविता धनी उघडा पडला. एकदिश प्रवाहाचा व्यापार करणाऱ्या एडिसनच्या कंपनीचे त्यास साहाय्य होते! तथापि भय ओसरले नाही. ऑक्टोबरात भर दुपारी, रस्त्यातील गर्दीच्या डोळ्यांदेखत, तारांच्या जंजाळात एक तारकामगार होरपळून मेला. वस्तुतः दोष तारांच्या अनागोंदीचा; परंतु वृत्तपत्रांनी गुन्हेगार आधीच नेमून ठेवला होता. ब्राऊन सर्वस्वी खोटे बोलत होता असेही नव्हे. धोका खराच होता, म्हणून तर लोकांचा विश्वास बसला.

नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो नगरीत पोहोचली, ती याच प्रवाहाने.