समुद्रचित्राचं कूळ आणि आपला हमरस्ता

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीच्या पोटातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ गुजरातेतल्या हजिरा बंदरापाशी सुरू होतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदरापाशी संपतो. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर, आणि मधल्या झाडीपट्टीत आपण. इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी खारं पाणी शेकडो किलोमीटर लांब. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या, एवढंच आपलं पाणी.

तरीही भारतातल्या अमूर्त चित्रकलेत समुद्र कुठून आला याचा माग काढत गेलं, की वाट याच रस्त्यावर येते. अंबादास खोब्रागडे अकोल्याचे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा. शंकर पळशीकर साकोलीचे, म्हणजे देवरीहून तासाभराच्या वाटेवरचे. अकोला, नागपूर, साकोली ही तिन्ही गावं याच महामार्गावर आहेत. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर देवरी आणि साकोली एकाच भंडारा जिल्ह्यात होत्या. त्यामुळे ही कुळकथा आपल्यासाठी परक्याची नाही.

मूळपुरुष मात्र दूरदेशीचे. समुद्र हा चित्रकाराला पहिल्यापासून अडचणीत टाकणारा विषय. डोंगराला कड असते, झाडाला बुंधा असतो, माणसाला चेहरा असतो. समुद्राला यातलं काहीच नाही. क्षितिजाची एक आडवी रेघ सोडली तर धरायला जागा नाही, आणि जे दिसतं ते काढेपर्यंत बदललेलं असतं. जपानच्या होकुसाईने १८३१च्या सुमारास आपली प्रसिद्ध लाट लाकडी ठशातून छापली, तेव्हा तिला नखांसारखा फेस आणि ठसठशीत बाह्यरेषा देऊन त्याने ही अडचण सोडवली. त्या लाटेचा निळा रंगही समुद्रापलीकडून आलेला: अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा. इंग्लंडच्या टर्नरने उलटा मार्ग घेतला. १८४२च्या त्याच्या वादळाच्या चित्रात आगबोट कशीबशी ओळखू येते. बाकी सगळा पाण्याचा, धुराचा आणि बर्फाचा भोवरा. हा साबणाचा फेस आहे, अशी टिंगल झाली. तीस वर्षांनी, १८७२ साली, मोनेने ल हाव्र बंदरातली पहाट रंगवली आणि पाणी केवळ कुंचल्याच्या तुटक फटकाऱ्यांत उतरवलं.

खरी उडी घेतली ती पीट मोंद्रियानने. १९१४च्या उन्हाळ्यात तो पॅरिसहून मायदेशी, हॉलंडला आला, आणि पहिलं महायुद्ध पेटल्यामुळे तिथेच अडकला. डोम्बुर्ग या किनाऱ्यावरच्या गावी समुद्रात गेलेला धक्का आणि त्याच्या अंगावर येणारं पाणी तो पुन्हापुन्हा काढत राहिला. दर खेपेला एकेक गोष्ट गळत गेली. आधी रंग, मग वळणं. १९१५च्या चित्रात उरल्या फक्त काळ्या आडव्या आणि उभ्या लहान रेघा, अधिक-उणेच्या खुणांसारख्या. आडवी रेघ पाण्याची, उभी धक्क्याची. त्या चित्रात लाट नाही, पण लाटांची लय आहे. समुद्र ‘दाखवण्या’ऐवजी त्याची चाल उचलायची, ही युक्ती इथे पक्की झाली. पुढचं सगळं कूळ याच युक्तीचं.

आपल्याकडे ती यायला वेळ लागला. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते ब्रिटिश पद्धतीच्या हुबेहूब चित्रणाचं शिक्षण देत. मुंबईच्या तिन्ही बाजूंना समुद्र, पण चित्रात तो यायचा तो होड्या, कोळी आणि मावळतीच्या रंगांची पार्श्वभूमी म्हणून. १९३०च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स जेरार्ड संचालक म्हणून आले आणि युरोपातली नवी चित्रकला वर्गात बोलली जाऊ लागली. त्याच काळात साकोलीचे पळशीकर जे. जे.मध्ये आले, शिकले आणि तिथेच शिकवू लागले. १९६८ ते १९७५ या काळात ते संस्थेचे अधिष्ठाता होते. व्यक्तिचित्रात त्यांचा हात पक्का होता, तरी ओढ होती ती तांत्रिक प्रतीकांकडे, रंगाच्या आतल्या अर्थाकडे. सिंधुदुर्गातल्या नेरूरपारला जन्मलेले, पुढे अमूर्त चित्रकार म्हणून नावारूपाला आलेले प्रभाकर कोलते त्यांचेच विद्यार्थी. आणि कोलत्यांनी पुन्हा जे. जे.मध्येच १९७२ ते १९९४ अशी वर्षं शिकवलं. साकोलीच्या माणसाच्या वर्गातून कोकणचा मुलगा रंगाशी वागायला शिकला, ही या कुळातली मला सर्वांत आवडणारी नोंद.

१९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्येही विदर्भाचं पाणी होतं. संस्थापकांपैकी हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. निसर्गदृश्याला अमूर्ताकडे नेणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या चित्रकारांत त्यांची गणना होते. दुसरे संस्थापक सैयद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, पण त्यांचं चित्रशिक्षण सुरू झालं ते १९३९ साली नागपूरच्या कलाशाळेत.

समुद्राच्या बाबतीत मात्र कर्ता पुरुष एकच, वासुदेव गायतोंडे. जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. इथे नागपूरकरांनी फार छाती फुगवू नये: घराणं गोव्याचं आणि वाढ गिरगावच्या चाळीतली. १९४८ साली जे. जे.ची पदविका घेतली. सुरुवातीला आकृत्या होत्या, मग पॉल क्लेच्या वळणाच्या रेषा आल्या, आणि १९५०चं दशक संपता संपता चित्रातून वस्तूच निघून गेली.

या काळात त्यांचा स्टुडिओ होता मुंबईत वॉर्डन रोडवर, समुद्राला लागून असलेल्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये. त्याच वास्तूत रविशंकरांचं संगीत चाले, अल्काझींची नाटकं उभी राहत, हुसेन चित्रं काढत. गायतोंडे तासन्‌तास समुद्राकडे बघत बसत, हे त्यांना ओळखणाऱ्या पुष्कळांनी सांगून ठेवलं आहे. याच सुमारास धनुर्विद्येतल्या झेन साधनेवरचं ऑयगेन हेरिगेलचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं आणि मनात रुतून बसलं. नेम धरायचा नाही, बाण आपणहून सुटू द्यायचा, असा त्याचा बोध.

दोन्ही गोष्टी त्यांच्या कामाच्या रीतीत दिसतात. कुंचल्याऐवजी त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतला. पातळ केलेला तैलरंग रोलरने कॅनव्हासभर पसरायचा, त्यावर दुसरा थर, मग सुरीने काही भाग खरवडून खालचा थर उघडा करायचा. पुढे कागदाचे कापलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचीही त्यांची पद्धत होती. कागदाबरोबर थोडा रंग निघून येई आणि मागे पुसट खूण राही. भरतीचं पाणी वाळूवर रेघा ठेवून जातं तशी. काय राहील ते पुरतं आपल्या हातात नाही. पण कधी थांबायचं ते आहे. म्हणून विचारात महिने जात आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. चित्राला बहुतेकदा नावही नसे. १९६०च्या सुमाराच्या त्यांच्या चित्रांत मधोमध आडवा पट्टा, वर-खाली दाटून आलेले करडे, हिरवे, निळे थर दिसतात. बघणाऱ्याला लगेच क्षितिज आठवतं. गायतोंडे स्वतः मात्र चित्रात अमुक वस्तू आहे हे कबूल करत नसत. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. चित्रात समुद्र नाही. समुद्र चित्र होण्याच्या रीतीत आहे. थर येणं, थर जाणं, मागे काही उरणं.

जगाने हे ओळखलं. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. १९६२चं एक चित्र पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गेलं. १९७१ साली पद्मश्री आली. १९७२ला ते दिल्लीला गेले. समुद्र सुटला, थर सुटले नाहीत. २००१ साली ते वारले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या चित्राला २३ कोटींहून अधिक रुपये आले, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

अंबादासांची शाखा वेगळी. १९२२ साली अकोल्यात जन्म, जे. जे.मध्ये शिक्षण, आणि १९६२ साली जगदीश स्वामिनाथन वगैरेंबरोबर ‘ग्रुप १८९०’ची स्थापना. दुसऱ्याच वर्षी दिल्लीत त्या गटाचं एकमेव प्रदर्शन झालं. उद्घाटन नेहरूंचं, प्रस्तावना मेक्सिकन कवी ओक्तावियो पाझ यांची. १९७२मध्ये अंबादास नॉर्वेला गेले आणि २०१२ साली ऑस्लोतच वारले. गायतोंड्यांचा रंग थरांनी साचतो, अंबादासांचा वाहतो. कुंचल्याचे लवचिक फटके एकमेकांत गुंतत, वळत, फुटत संपूर्ण कॅनव्हास व्यापतात. एकाकडे समुद्राचं सौंदर्य आहे, तर दुसऱ्याकडे त्याची ताकद.

स्वामिनाथनांमुळे या कुळाचा एक धागा पुन्हा आपल्या रानाशी येऊन मिळतो. १९८२ साली उघडलेलं भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा तिथल्या त्यांच्या चमूला मंडल्याकडच्या पाटनगढमध्ये जनगढसिंह श्याम हा परधान-गोंड तरुण चित्रकार सापडला. परधानांच्या उत्पत्तिकथेत आरंभी सगळीकडे पाणीच पाणी असतं. बडादेव अंगावरच्या मळातून कावळा घडवतो. कावळा जमीन शोधत उडतो आणि थकून खेकड्याच्या नांगीवर बसतो. मग माती गिळून बसलेल्या गांडुळाकडून माती परत मिळवली जाते आणि कोळ्याने पाण्यावर विणलेल्या जाळ्यावर ती पसरली जाते. ज्यांच्या गावाला किनारा नाही त्यांच्या कथेचा पहिला प्रसंग समुद्राचा आहे. त्या परंपरेतून आलेले चित्रकार पाणी रंगवतात ते निळाईने नव्हे, ठिपक्यांच्या आणि रेघांच्या नक्षीने. ती चित्रं अमूर्त नाहीत. पण लय उचलायची युक्ती तीच, आणि ती त्यांना मोंद्रियानकडून शिकावी लागलेली नाही.

आता याच कुळाचं नाव सांगत एक नवी मंडळी बाजारात आली आहे: रेझिनचे समुद्र. लाकडी फळीवर निळं-हिरवं इपॉक्सी रेझिन ओतायचं, कडेला पांढरं सोडायचं, हीट गनच्या गरम हवेने ते पुढे ढकलायचं. फेसाची जाळी आपोआप उमटते. घड्याळं, ट्रे, भिंतीवरच्या चौकटी, सगळ्यांवर हाच किनारा. हातकाम म्हणून त्यात कौशल्य आहे, आणि घराघरांतून त्यावर कमाईही होते, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. पण वंशावळ तपासली तर ही शाखा होड्या आणि मावळतीच्या घराण्यातली. समुद्र कसा दिसतो एवढंच ती सांगते. गायतोंडे-अंबादासांच्या चित्रापुढे उभं राहिलं की आपण पाण्यापुढे जसे गप्प होतो तसे होतो, आणि कारण शोधू गेलं तर लाट कुठेच सापडत नाही. कूळ ओळखण्याची ही साधी कसोटी.

शेवटी एक विनंती, देवरी-साकोली भागातल्या शाळांच्या आणि आश्रमशाळांच्या चित्रकला शिक्षकांना. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत दोन डोंगर, मधला सूर्य आणि खालची नदी मुलांच्या हातात इतकी बसते की पाण्याकडे बघायची गरजच उरत नाही. वर्षातून एक तास मुलांना जवळच्या बोडीवर न्या. काठ, झाड, बगळा काहीही काढायचं नाही, फक्त पाणी काढायचं, असं सांगा. कागद बिघडतील, बिघडू द्या. आणि परतताना हेही सांगा, की हे काम जगाच्या नजरेत भरेल असं करून दाखवणारे लोक याच रस्त्यावरच्या गावांत जन्मले होते, आणि त्यांतले एक तर पलीकडच्या साकोलीचे होते.