खानदेशातल्या हस्तलिखिताचा मागोवा

जळगाव-धुळ्याच्या कितीतरी शाळांत वर्षाकाठी एक हस्तलिखित निघते. चांगल्या अक्षराची मुले निवडायची, मुखपृष्ठ रंगवायचे, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन करायचे आणि अंक कपाटात ठेवायचा. या अंकामागची खानदेशी परंपरा मात्र याहून फार दमदार आहे.

तिचा सर्वांत जुना धागा समर्थ संप्रदायाचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, ओळी सरळ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वळण एकच, असा त्याचा आग्रह. १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापणारे शंकर श्रीकृष्ण देव या संप्रदायाच्या हस्तलिखित पोथ्यांच्या शोधात मठामठांतून हिंडले. त्यांनी जमवलेल्या पोथ्या धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

पोथीची नक्कल करताना निष्ठा अंगी बाणते, पण लिहिलेल्या मजकुराला प्रश्न विचारण्याची सवय वेगळीच लावावी लागते. ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लावली. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढताना त्यांनी बखरींतल्या हकिकती त्या काळच्या अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या. बखर कितीही रंगतदार असली, तरी पत्राची साक्ष आधी. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले आणि त्यांचे कार्य पुढे चालवण्यासाठी तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

त्याच सुमारास, जवळच्या अमळनेरला, प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत होते. १९२४ ते १९३० ही त्यांच्या शिक्षकीची वर्षे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. मुलांना रोज ताजे काही वाचायला मिळाले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून आले. विचार समजल्याशिवाय असे लेखन हातून होत नाही.

नेटके अक्षर, पारखून वाचणे आणि रोजचा वाचक या तिन्ही गोष्टी या मातीत होत्या. शाळांनी त्यांतले अक्षर तेवढे ठेवले. उरलेल्या दोन्ही परत आणायला फार खर्च लागत नाही. एकाच घटनेच्या दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्या वर्गात वाचाव्यात. कोण सांगते, कशावरून सांगते, काय गाळले, हे मुलांनी शोधावे आणि पानभर लिहावे. ते पान त्याच दिवशी फळ्याशेजारी लागावे आणि दुसऱ्या मुलाने त्याखाली आपले उत्तर लिहावे. ज्यांचे अक्षर वाकडे आहे, त्यांची पानेही तिथे लागलीच पाहिजेत. आपले लिहिणे उद्या कोणीतरी पारखून वाचणार आहे, हे कळले की मूल स्वतःच आधी ते पारखू लागते.