बेरीज की तुलना?

गेल्या रविवारी मुलुंडच्या घरी माळा आवरताना माझा एम.टेक.चा प्रबंध सापडला. पहिल्याच सूत्राभोवती सरांचा लाल गोल, आणि शेजारी प्रश्न: "ही बेरीज आहे की तुलना?"

झालं होतं असं. दोन आकारांच्या बेरजेसाठी मी ⊕ वर टिंब चढवून स्वतःचं चिन्ह बनवलं, लाटेकची 'स्टॅकरेल' ही आज्ञा वापरून. दोन्ही बाजूंना जागा जरा जास्तच सुटायची. मग रात्रभर बसून प्रत्येक सूत्रात हाताने उणे जागा घातली. ओळीत छान दिसलं, पण घातांकात चिन्ह थेट अक्षरांवर चढलं!

याचं मूळ १९७७ सालात आहे. डोनाल्ड कनूथ यांना आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं अजिबात आवडली नाहीत आणि त्यांनी टेक लिहायला घेतलं. त्यासाठी त्यांनी 'अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका'सारख्या नियतकालिकांचे जुने, देखणे अंक काढून सूत्रं अक्षरशः मोजली. जुळाऱ्यांच्या बोटांत असलेलं ज्ञान त्यांनी नियमांत बसवलं. चिन्हाची जात सांगा, जागा टेक ठरवेल. अधिक-उणेसारखी क्रियाचिन्हं असतील तर एका 'एम'चे ४/१८, बरोबर किंवा लहान-मोठं दाखवणारी असतील तर ५/१८, 'लॉग'सारखी नावं असतील तर ३/१८. घातांकात पहिल्या दोन जागा गायब होतात. माझी हाताने घातलेली उणे जागा मात्र तिथेही तशीच राहिली. आणि 'स्टॅकरेल'मधलं 'रेल' म्हणजे रिलेशन, म्हणजे तुलना. सरांचा प्रश्न शब्दशः बरोबर होता!

गंमत म्हणजे या गोष्टीचा एक धागा आपल्या जुहूत येतो. १९८३ मध्ये स्टॅनफर्डने पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरचा अहवाल प्रसिद्ध केला. हेच घोष पुढे जुहूच्या एनसीएसटीत होते (ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली). तिथून १९८८ मध्ये त्यांचा मिन्कोवस्की क्रियांवरचा निबंध आला. मिन्कोवस्की बेरीज म्हणजे एका आकाराचा प्रत्येक बिंदू दुसऱ्याच्या प्रत्येक बिंदूत मिळवायचा. बोरूचं टोक रेषेवरून फिरवलं की अक्षराची जाडी तयार होते, ती हीच बेरीज. माझ्या प्रबंधातलं ⊕ तेच.

रविवारी जुनी फाईल उघडली. सगळ्या उणे जागा पुसल्या आणि सुरुवातीला चिन्हाची व्याख्या एकदाच, 'मॅथबिन'मध्ये गुंडाळून लिहिली. एका ओळीत काम झालं.

सर, बेरीजच आहे. उत्तराला जरा उशीर झाला, इतकंच.